दिवसाला एक तांब्या

मंगळवार, एप्रिल संपत आला. भोंगवली.

ऐकायचं तरी कुणाचं? थंडीत मामांच्या पायांना सूज आली तेव्हा भोरचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, दिवसाला एकच तांब्या पाणी, वर घोटभरही नको, नाहीतर छातीत पाणी भरून दम लागेल. आज आरोग्याचं सांगत घरोघर फिरणाऱ्या आशाताई दारातूनच ओरडून गेल्या, "वैनी, लई ऊन हाय, सासऱ्यांना सारखं पाणी पाजा."

दुपारी मामा गोठ्यातून आले ते भिंतीला धरूनच. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. रोजच्यासारखा मी त्यांच्या पायावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला. म्हणजे पायात पाणी आणि तोंडाला कोरड. एकाच माणसाला पाणी जास्तही आणि कमीही, असं कसं? आणि सूज उतरावी म्हणून दिलेली ती लघवीची गोळी? द्यायची की नाही? दवाखान्यात फोन लावला, तर डॉक्टर निघून गेलेत, सकाळी घेऊन या. ओला पंचा अंगावर टाकला, पंखा लावला, तर लाइट गेली.

आम्ही सगळे मागच्या दारी जाऊन पाणी पितो, त्यांना दिसू नये म्हणून.

दिवेलागणीला मामांनी हाक मारली. तांब्या कधीच रिकामा झाला होता. पाय पुढे करून त्यांनी स्वतःच अंगठा ठेवला. म्हणाले, "बग सूनबाई, खड्डा पडत न्हाई आता. घोटभर दे."

अंगठा नुसता टेकवला होता त्यांनी, दाबलाच नव्हता. मला दिसलं. तरी अर्धा पेला दिला. आता लिहितेय खरी, पण कान त्यांच्या श्वासाकडे आहे.