सरकी खाणाऱ्या म्हशीचं तूप

मास्तर, तुम्हाला जाऊन किती तरी वर्षं झाली, पण एक वाद घालायचा राहून गेला होता. तो आज घालतो. माझ्या आईच्या तुपात भेसळ नव्हती.

तुम्हाला ती दुपार आठवत असेल. आई धामणगाव बढ्याहून बुलढाण्याच्या बाजारात तूप आणायची, आणि मी तिथेच तुमच्या शाळेत शिकत होतो. बाजाराच्या तपासनिसाने तिच्या डब्यातलं तूप बाटलीत भरून, लाखेची मोहर लावून सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला की तुपात परकी चरबी आहे. आई तो कागद घेऊन थेट शाळेच्या ओट्यावर आली. सायन्स शिकवणारे मास्तर तरी यातली चूक दाखवतील, अशी तिची आशा होती. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत आणि म्हणालात, "बाई, यात चूक नाही." आई म्हणाली, "मास्तर, घरी एक म्हस हाय. लोणी मीच काढतो, मीच कढवतो. त्यात मी काय मिसळू, अन् काऊन मिसळू?" तुम्ही कागदाची घडी करून तिच्या हातात दिलीत. मी मध्ये पडलो, की माझी आई खोटं बोलत नाही. त्यावर तुम्ही सगळ्या वर्गादेखत मला म्हणालात, "परीक्षानळीला आई नसते. खरं असेल तर सिद्ध कर. रडू नकोस."

मी रडत नव्हतो, मास्तर. मला राग आला होता.

वकिलाने आईला सांगितलं, चूक झाली म्हण, थोडक्यात सुटशील. ती कोर्टात उभी राहून म्हणाली, "चूक झाली नाही त मी कशी म्हणू?" दंड झाला. उरलेला डबा बाजारात सगळ्यांसमोर गटारात ओतला गेला. त्यानंतर तिने बुलढाण्याचा बाजार सोडला, मोताळ्याच्या बाजारात बसू लागली. तिथेही बाया तूप तळहातावर घासून, वास घेऊन, खाली ठेवून जायच्या.

पुढे मी त्याच सरकारी प्रयोगशाळेत लागलो. तुपातून वाफेबरोबर उडून येणारी आम्लं आम्ही मोजायचो. ती ठरलेल्या हद्दीखाली गेली की भेसळ धरायची. दर हिवाळ्यात कपाशीच्या मुलखातलं तूप नापास व्हायचं आणि डोंगराकडचं पास. कपाशीवालेच तेवढे चोर कसे, हे मला पटेना. मग आठवलं, कापसातून सरकी काढणारे जीन सुरू झाले की आमच्याकडे म्हशीला भिजवलेली सरकी घालतात. मी रजा काढून घरी गेलो. आधी म्हशीला नुसता कडबा आणि गवत, मग काही आठवडे सरकी. प्रत्येक धारेला मी स्वतः शेजारी उभा. दोन्ही वेळचं तूप मीच कढवलं आणि मीच तपासलं. कडब्यावरचं तूप पास. सरकीवरचं नापास. म्हस तीच, हात तोच, मिसळलेलं काहीच नाही.

साहेबांपुढे आकडे ठेवले. ते म्हणाले, "हद्द आपण ठरवलेली नाही, पुस्तकात आहे." मी म्हणालो, "पुस्तकातल्या गाई सरकी खात नसतील, साहेब." त्यांनी आकडे माझ्याकडे सरकवले आणि या फंदात पडू नकोस म्हणून बजावलं. पुढच्याच हिवाळ्यात मोताळ्याकडच्या एका बाईवर तसाच खटला झाला. मी कोर्टात तिच्या बाजूने उभा राहिलो, माझ्याच कचेरीच्या अहवालाविरुद्ध. सरकारी वकिलाने विचारलं, "तुमचा तुमच्या शास्त्रावर विश्वास नाही का?" मी सांगितलं, "आहे, म्हणूनच म्हशीने काय खाल्लं ते आधी विचारतो." ती बाई सुटली. मला तुपावरून काढून विहिरींचं पाणी तपासायला बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत.

आईचा निकाल मात्र कुणी बदलला नाही. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे सरकीनं केलं म्हणतोस?" मी हो म्हणालो. "मंग ते त्या बाजारातल्या लोकायले सांग. मले काऊन सांगतोस?"

तर मास्तर, तुम्ही चुकलात. परीक्षानळीला आई नसेल, पण तिच्यात काय मोजायचं आणि हद्द कुठे आखायची हे माणसंच ठरवतात, आणि त्या माणसांनी आमचा मुलूख पाहिलेला नव्हता. तुम्ही तर पाहिला होता. सायकलने शाळेत येताना वाटेवरच्या गोठ्यांत सरकी खाणाऱ्या म्हशी तुम्ही रोज पाहायचात. तरी त्या ओट्यावर तुम्ही आईला एक साधा प्रश्न विचारला नाहीत. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून ठेवून देईन. एवढंच सांगतो. ती बाई सुटली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला आधी आई आठवली नाही. पाय तुमच्या घराच्या रस्त्याला वळले होते. तुम्ही आता नाही, हे कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ध्यानात आलं.