सर्व बाहुल्या आता एकसारख्या आहेत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
उत्पादन ओळख क्रमांक विभाग, लघु विक्रेता कक्ष,
दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

विषय : हाताने केलेल्या कापडी बाहुलीस एकच बारकोड क्रमांक मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज (परत आलेला).
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज (तोही).
३) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात "वस्तू एकसारख्या असल्यासच एक क्रमांक देय राहील" असे नमूद आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. मागील अर्जांत "मी", "आम्ही" आणि "आमच्या वन्सं" फार वेळा आल्याने खिडकीवरील लेखनिकांनी "बाई, हा अर्ज आहे की माहेरी लिहिलेलं पत्र?" असे विचारले होते. सबब या खेपेस लिहिणारीस "अर्जदार" व तिच्या थोरल्या नणंदेस "कारागीर" असे म्हटले आहे. सवयीने कुठे वन्सं डोकावल्या तर क्षमा असावी. अर्जदाराचे शाळेतले शिक्षण जेमतेम आहे. ही भाषा आपल्या कार्यालयाची पत्रे पुन्हा पुन्हा वाचून आली आहे, त्यामुळे तीत काही कमीजास्त आढळल्यास ते आपल्याकडचेच समजावे.

२. अर्जदाराचे पती, म्हणजे कारागिरांचे धाकटे भाऊ, वारले तेव्हापासून घरात माणसे दोन आणि शिलाई मशीन एक. त्यावर बाहुल्या होतात. अंग अर्जदार करते: चिंध्या ठासणे, हातपाय जोडणे, लोकरीचे केस लावणे. तोंड मात्र कारागीर सुईदोऱ्याने भरतात. अर्जदाराने एकदाच भरून पाहिले होते. ते बघून कारागीर म्हणाल्या, "धाकटे, हिची दाढ दुखतेय का गं?" धाकटी हे अर्जदाराचे घरातले नाव. त्यानंतर अर्जदार तोंडाच्या वाटेला गेली नाही.

प्रत्येक बाहुलीचे तोंड वेगळे, कारण कारागीर बघितलेलीच तोंडे भरतात. औषधाच्या दुकानदाराची वर चढलेली भुवई, इस्त्रीवाल्या बाईचे गालात दाबलेले हसू, सुटे नाहीत म्हणून आधीच वैतागलेला बसचा कंडक्टर. ज्याचे तोंड त्याला ओळखू येत नाही, बाकी सगळ्या गल्लीला येते.

येथे कारागिरांची एक रीत नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अडले आहे. तयार झालेली बाहुली कुणाच्या घरी पोचल्याशिवाय त्या दुसरीचे तोंड हाती घेत नाहीत. "एकीला उजवावं, मग दुसरीचं बघावं," असे त्यांचे म्हणणे. अर्जदार घरी आली की पहिला प्रश्न, "पोचली का?" आणि दुसरा, "कुणाकडे?"

३. पूर्वी नाक्यावरचे खेळण्यांचे दुकान बाहुल्या घेत असे. ते बंद झाले आणि तिथे काचेच्या दारांचे मोठे दुकान आले. तेथील मॅनेजरबाईंनी बाहुली हातात घेतली, उलटी केली, फ्रॉक वर करून पाठ पाहिली आणि विचारले, "कोड कुठाय?" अर्जदाराने नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आमच्या मशीनला ही दिसणारच नाही." अर्जदार म्हणाली, "पण तुम्हाला तर दिसतेय ना?" त्यावर त्या हसल्या. "मला काय दिसतं ते इथे कोण विचारतंय, ताई!" बाई मनाने वाईट नाहीत. झेरॉक्सवाल्यांनी मोबाइलवरून बाहुलीचा फोटो विक्रीस चढवून दिला, तेथेही दुसऱ्याच पानावर हाच प्रश्न आला. सबब अर्जदार आपल्या खिडकीवर आली.

४. लेखनिकांनी दोन नमुने (एक घरचा, एक पूर्वी विकलेला, शेजारून मागून आणलेला) टेबलावर शेजारीशेजारी बसवले व सांगितले की या एक वस्तू नव्हेत. अर्जदार म्हणाली, दोन्ही बाहुल्याच आहेत. ते म्हणाले, "साबणाची एक वडी दुसरीसारखी असते की नाही? इथे ही हसतेय आणि ही रुसलीय. दोन वस्तू, दोन क्रमांक, दोन अर्ज." म्हणजे प्रत्येक बाहुलीस स्वतंत्र क्रमांक. जे एकदा मशीनखाली वाजणार आणि नंतर जन्मभर कुणाच्या उपयोगी पडणार नाहीत, असे क्रमांक अर्जदाराने मागत राहायचे आणि दर खेपेला नव्याने रांगेत उभे राहायचे.

हे घरी सांगितल्यावर कारागीर म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, तुमच्या ऑफिसात दोन माणसं एकसारखी दाखवा, मग मी दोन बाहुल्या दाखवते." हे वाक्य दुसऱ्या अर्जात जसेच्या तसे लिहिले गेल्यानेच तो परत आला असावा, असा अर्जदाराचा कयास आहे.

५. कारागीर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हेत. "रेघाच हव्यात ना? मग रेघांना काय दुष्काळ पडलाय?" असे म्हणून त्यांनी मोरीतली बाटली पुढ्यात घेतली आणि तिच्यावरच्या रेघा काळ्या दोऱ्याने औषधवाल्या बाहुलीच्या पाठीवर भरल्या. जाड रेघ जाड, बारीक बारीक, मधली जागा दोरा मोजून. बाहुली मोठ्या दुकानात नेली. मॅनेजरबाईंनी मशीन धरली. मशीन तांबडा डोळा फिरवून फिरवून थकली आणि अखेर वाजली. पडद्यावर आले: फिनेल, लिंबाच्या वासाचे. मॅनेजरबाई खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. घरी कारागिरांना त्याचे काहीच वाटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "वाचलं ना पण तिनं?" सदर कृत्यात काही नियमबाह्य घडले असल्यास टाके त्याच दिवशी उसवण्यात आले आहेत.

६. नंतर अर्जदारानेच नियमापुढे मान तुकवली. एक तोंड कागदावर काढून कार्बनने सगळ्या बाहुल्यांवर उतरवले, म्हणजे कारागिरांनी नुसते त्यावरून टाके घालायचे. कारागिरांनी अर्धा ओठ भरला आणि सुई खोचून ठेवली. "हे तोंड मी कुठे बघितलेलं नाही. कुणाचं आहे?"

"साहेबांचं," अर्जदार म्हणाली. दुसरे काय सांगणार?

"मग साहेबांनाच भरू दे."

७. येथून पुढचे मागील अर्जांत नाही, कारण तेव्हा ते घडलेले नव्हते.

कारागिरांना विसर पडू लागला आहे. आधी नावे गेली, मग रस्ते, मग गॅस बंद करणे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि अर्जदारास बाहेर बोलावून सांगितले की हे पाऊल मागे फिरणारे नाही. सुई चालते आहे तोवर चालू द्या, ती थांबली की उरलेलेही लवकर जाईल, असे ते म्हणाले. परंतु वन्सं सगळे विसरल्या तरी रीत विसरल्या नाहीत. बाहुली पोचल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. आणि क्रमांकाशिवाय बाहुली पोचवायची कुठे?

सबब अर्जदार असे करते. तयार बाहुली पिशवीत घालून घराबाहेर पडते, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते आणि कारागीर तोंड धुवायला गेल्या की बाहुली खाटेखालच्या लोखंडी पेटीत ठेवते. मग सांगते, पोचली. कुणाकडे? निळ्या दारवाल्यांकडे, त्यांना दोन वेण्यांची मुलगी आहे. कुणाकडे? कोपऱ्यावरच्या आजोबांकडे, नातवासाठी नेली पण स्वतःच घेऊन बसलेत. अशी सबंध गल्ली अर्जदाराने मनाने वसवली आहे. त्यातली एक सासू जरा खाष्ट आहे, तिची चौकशी कारागीर आवर्जून करतात.

गल्ली हवी तेवढी वाढवता येते. पेटी वाढवता येत नाही. मध्यंतरी एकदा झाकण पुरते बसले नव्हते आणि एक पाय बाहेर राहिला होता. कारागीर वाकल्या, त्यांनी तो पाय हाताने कुरवाळला आणि विचारले, "हिला कुणी ठेवून नाही घेतलं का?" त्यानंतर त्या दिवशी सुई उचलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे ते विसरल्या म्हणून पुन्हा सुई घेऊन बसल्या. विसरण्याचा अर्जदारास झालेला फायदा तेवढा एकच.

८. आता मूळ मुद्दा. आपल्या पत्रातील अट पूर्ण झाली आहे.

कारागिरांची तोंडे एकेक करून गेली. पहिल्यांदा कंडक्टर गेला. मग इस्त्रीवाल्या बाईचे हसू उतरले. औषधवाल्यांची भुवई काही दिवस नुसती एकटीच राहिली, मग तीही खाली आली. आता कितीही बाहुल्या केल्या तरी तोंड एकच येते: गोल, हनुवटी किंचित पुढे, डाव्या भुवईतून गेलेला एक आडवा व्रण आणि काहीतरी बोलायचे आहे पण गिळून टाकलेय असे ओठ. कार्बन नाही, कागद नाही, तरी टाक्याला टाका जुळतो. साबणाच्या वड्यांतही एवढे साम्य नसेल. लेखनिकांनी त्या हव्या तेवढ्या शेजारीशेजारी बसवून पाहाव्यात.

९. नमुना अर्जात "उत्पादनाचे वर्णन" असा रकाना आहे. तो खरा भरावा म्हणून अर्जदाराने कारागिरांना विचारले, "ही कोण हो?"

त्या म्हणाल्या, "ही ना? ही आमची धाकटी. बाहुली पोचवायला गेलीय, येईलच इतक्यात. बसा ना तुम्ही. चहा ती आली की करेल."

अर्जदार बसली. थोड्या वेळाने उठून चहा केला. "छान करता हो तुम्ही," कारागीर म्हणाल्या, "अगदी तिच्यासारखा."

अर्जदाराच्या डाव्या भुवईवरील व्रण पडताळणीकामी कार्यालयात समक्ष दाखवता येईल.

१०. तरी विनंती की, सदर बाहुलीस एकच क्रमांक मंजूर व्हावा. त्यात उशीर होऊ नये असे म्हणण्याचे कारण एवढेच की हे शेवटचे तोंडही किती टिकेल ते डॉक्टरांना सांगता आलेले नाही. ते गेले की बाहुल्या कोऱ्या राहतील. कोऱ्या बाहुल्याही एकसारख्याच असतात आणि नियमात बसतील, परंतु त्यांच्यासाठी अर्जदार अर्ज करणार नाही.

११. हा अर्ज देण्यास येताना जिन्यात नवा फलक वाचला. हस्तनिर्मित वस्तूंचे अर्ज पुढील आदेश होईपर्यंत विचारात घेतले जाणार नाहीत, असे त्यावर आहे. त्यामुळे अर्जदारास या अर्जाकडून फारशी आशा नाही. पण पिशवी घेऊन घरातून निघाली होती आणि पिशवीत बाहुली होती. तशीच परत नेली तर तिला पेटीत जागा नाही.

म्हणून शेवटची विनंती क्रमांकाची नाही. नमुना म्हणून जोडलेली बाहुली, अर्ज नामंजूर झाला तरी, त्रुटी काढून परत पाठवू नये. कपाटावर, फायलींच्या मागे, कुठेही ठेवून घ्यावी. तिचे खाणेपिणे नाही. आज घरी गेल्यावर वन्सं विचारतील, पोचली का? कुणाकडे? बऱ्याच काळात प्रथमच मला खरे सांगता येईल.

उत्तराच्या वाटेकडे डोळे न लावता,
आपली नम्र,

(सही)
अर्जदार, म्हणजे कारागिरांची धाकटी

दिनांक : आपल्या शिक्क्यावर पडेल तो.

सोबत : १) आपल्या पत्राची प्रत.
२) डॉक्टरांचा दाखला.
३) बाहुली, एक. परत न करणेच्या विनंतीसह.