ह्यांच्या बोलण्याचं टाइमटेबल

३ नोव्हेंबर
पावसाळ्यात ह्यांना लकवा झाला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. डॉक्टर अफेझिया म्हणतात. मी आळस म्हणते. साकोलीतली अर्धी पोरं मी वर्गात बोलती केली, एक नवरा काय अवघड. टाइमटेबल भिंतीवर लावलं.

५ नोव्हेंबर
कारध्याहून, ह्यांच्या गावाहून, पुतणी गुड्डी आली. नागपूरला स्पीच-हिअरिंगची डिग्री करते, तिसरं वर्ष. सुट्टीत ह्यांची केस घेणार. तिची पुस्तकं चाळली. एवढी वर्षं कशाला लागतात कळत नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
असाइनमेंटसाठी गुड्डीने आमचं घरातलं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवलं. सगळा माझाच आवाज, मधूनमधून ह्यांचा श्वास. म्हणाली, "मोठी आई, मोठ्या बाबानं तोंड उघडलं की तुम्हीच वाक्य पुरं करता. थांबा ना थोडंसं."
मोबाइल हलका आहे तिचा. लांबचं पकडत नाही.

९ नोव्हेंबर
थांबून पाहिलं. हे "च... च..." करत बसले. शेवटी मीच चहा आणला. ह्यांनी कप ढकलला. गुड्डी म्हणते, चष्मा हवा होता. तिचा आपला अंदाज.

१२ नोव्हेंबर
कॉलेजचा नियम: उपचार कशासाठी, ते पेशंटनेच ठरवायचं. गुड्डीने फोटो मांडले. पेपर, मोबाइल, बाजार, कारध्याचं घर. मी माझ्या निरोपसमारंभाचा ठेवला. ह्यांनी कारध्याच्या घरावर बोट ठेवलं. त्या फोटोत उजेड चांगला होता.

१३ नोव्हेंबर
फेरपरीक्षा. कारध्याचा फोटो सगळ्यांच्या खाली घातला. ह्यांनी उपसून काढला. बोटांत ताकद आली म्हणायची.

१५ नोव्हेंबर
धाकटे दीर प्रवीण, गुड्डीचे वडील, ह्यांना कारध्याला घेऊन गेले. फक्त हवापालट. टाइमटेबलची प्रत पिशवीत घातली. मी सूचना देत होते तेव्हा ह्यांनी गाडीची काच वर केली. थंडी होतीच.

२८ नोव्हेंबर
प्रवीणचा फोन. "वहिनी, दादा बोलून राहिले. परसरामच्या टपरीवर स्वतः भजे मागतात. त्याले शिव्याही देतात."
शिव्या धरायच्या नसतात. पाया मी घातला, श्रेय परसरामला. चालायचंच.

६ डिसेंबर
रोज फोन करते. छान गप्पा होतात. हे ऐकतात.

२० डिसेंबर
ह्यांना केव्हा आणू, गुड्डीला विचारलं. ती म्हणाली, त्यांनाच विचारा. कसं विचारायचं तेही शिकवलं: एकच प्रश्न, मग त्यांचं संपेपर्यंत ओठ मिटून बसायचं. याची डिग्री देतात.
सध्या कामं खूप आहेत. सवडीने विचारीन.

१४ जानेवारी
तिळगूळ केला. ह्यांच्यापुरता वेगळा, मऊ. फोन लावला. "घरी केव्हा येता?" एवढंच विचारलं आणि थांबले.
पलीकडे श्वास. कुणीतरी भांडी घासत होतं. 'येत्या रविवारी' हे माझ्या ओठांवर आलं. गिळलं. पुन्हा आलं. पुन्हा गिळलं.
"मी... इथंच... बरा."
पूर्ण वाक्य. स्वच्छ. अशा वेळी लगेच शाबासकी द्यायची असते. द्यायला गेले, तर तोंडातून काही निघेना.
ह्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग फोन ठेवला.