काड्यांचं हृदय

बडोदा

सौ. कौसा हिस पुंजारामचा मायेचा आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज दगा देतो, म्हणून लिहितो. मी बरा आहे. जेवण जातं, फक्त हर्षाली भाजीत मीठ घालताना हात आखडते. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या हर्षालीने गोणी भरभरून का नेल्या, ते आता कळलं. माझ्या छातीच्या तपासणीतले फोटो समोर ठेवून तिने त्या काड्यांचं माणसाएवढं हृदय बांधलंय. इथले कलाकार असंच करतात म्हणे. कुणी हाडं घेऊन बसतो, कुणी मेंदू. बघायला डॉक्टरसुद्धा येतात.

काल मी त्या हृदयापुढे उभा होतो. एक काडी काळी पडलेली, वाळलेली दिसली. माझा हात तुला ठाऊक आहे. खिशातली कात्री काढली अन् कापून टाकली.

हर्षाली धावत आली. "अण्णा, काय केलंत! ती तुमची बंद पडलेली नस होती."

"मग बरंच झालं की," मी म्हणालो.

ती हसली नाही, रडायलाच लागली. तोवर मला नुसता अशक्तपणा आहे, असंच पोरीने सांगितलं होतं.

ऑपरेशन करायचं म्हणतात. पायातली नस काढून तिथे जोडणार, आपण वेलीला कलम करतो तसं. थकलोय गं, नकोच म्हणणार होतो. पण तिचं तोंड बघून हो म्हणालो.

बाग शेजारच्या दीपकवर सोपव आणि तू ये. लेकीसमोर मला घाबरता येत नाही.

तुझाच,
पुंजाराम