लाख खरवडलेलं मॅगझिन

उस्ताद,

माझी नात पुण्याला कॉलेजात असते आणि तिथं पिस्तुलानं नेम मारायला शिकते. हौसेखातर, बक्षिसासाठी. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आता पोरीही चांदमारीवर जातात. गेल्या आठवड्यात तिनं फोनवर विचारलं, "आबा, रेंजवर जादाची मॅगझिनं किती ठेवावीत? तुम्ही हत्यारखान्यात होता म्हणून विचारते." साधा प्रश्न. तुम्ही असता तर तोंडातलं पान न थुंकता उत्तर दिलं असतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती हसली. "त्यात विचार कसला? दोन का चार, एवढंच सांगा की." त्याला आठ दिवस झाले. घास गोड लागत नाही. सूनबाई म्हणते, पित्त झालं असेल.

उत्तर मला पाठ आहे, ते तुमचंच आहे. उस्मानाबादच्या पोलीस लाइनीतला तो हत्यारखाना, खाली शहाबादी फरशी, वर जाळीची खिडकी, आणि तुम्ही स्टुलावर बसून मांडीवरच्या फडक्यात पिस्तुलाचं मॅगझिन, गोळ्या भरायची ती पत्र्याची डबी, उघडताय. निजामाच्या फौजेत हत्यारं दुरुस्त करता करता तुमचे केस पिकले होते, विलीनीकरणानंतर तुम्हाला पोलिसांत घेतलं. तुमचं लिहिणं उर्दूत, आणि आता नोंदी मराठीत हव्या होत्या, म्हणून तामलवाडीचा चौथी पास शिपाई तुमच्या हाताखाली दिला. तो मी. तुम्ही मला मुन्शी म्हणता. "सुन रे मुन्शी, पिस्तूल दगा देत न्हाय. दगा देतं ते हे, पत्र्याचं. तीन ठेवायची. एक पिस्तुलात, एक पट्ट्याला, एक रोज्याला." रोज्याला म्हणजे गोळ्या न भरता, स्प्रिंगला विसावा म्हणून. मी विचारतो, "चार ठेवली तर, उस्ताद?" "चौथं कोन सांभाळंल? तू? तुला तुझी टोपी सांभाळंना!" शिपाई हसतात, मीही हसतो. मग तुमचा आवाज उतरतो. जे मॅगझिन दोनदा अडकलं त्याच्यावर खूण करायची, ते बाजूला ठेवायचं. "खराब हाय ते गिनायचंच न्हाय. चांगली तीन. समजलं का?"

समजलं होतं, उस्ताद. पण एक मॅगझिन पडलं ते माझ्याच हातून. फरशीवर तोंडावर आपटलं आणि वरची कड, जिच्यातून गोळी पुढं सरकते ती, एका बाजूनं जराशी उघडली. तुम्ही चिमट्यानं दाबलीत, दोनदा गोळी झाडून पाहिलीत, दोन्ही वेळा गोळी तिरपी उभी राहिली. तुम्ही रागावला नाहीत. टपालाला सील करायची लाख वितळवून त्याच्या बुडाला लाल ठिपका दिलात. "हे आता लंगडं. साहेबांना कागद लिही, बदली मागव." मी कागद लिहिला नाही. त्यात कुणाच्या हातून पडलं हे लिहावं लागलं असतं. रोज वाटायचं, उद्या लिहू. माझा स्वभावच तसा, साधं टपाल आलं तरी उघडायला संध्याकाळ करायचो.

मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि नवे साहेब आले. जुन्या राजवटीतल्या माणसांनी चांदमारीवर नेम दाखवायचा, जो पास होईल तो राहील, बाकीच्यांनी घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं. तुमच्या नोकरीची चार वर्षं राहिली होती, धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. तरी तुम्ही निर्धास्त. "चांद तर आपला जुना दोस्त हाय," निशाणाच्या गोलाकडं बोट करून म्हणायचात. त्या सकाळी आधी हत्यारखान्याची तपासणी होती. तुम्ही वर्दी चढवायला घरी गेला होता, आणि मी त्या लाल ठिपक्याकडं बघत बसलो होतो. साहेब विचारणार, हे काय, कुणी पाडलं, कागद कुठंय. मी नखानं लाख खरवडली. बूड तेलाच्या फडक्यानं पुसलं. साहेबांनी तीन मॅगझिनं बघितली आणि पुढं गेले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच हाक आली, पिस्तूल चांदमारीवर आणा. ट्रेमधली तिन्ही आता सारखी दिसत होती. कड बोटानं चाचपली असती तर कळलं असतं, पण तेवढं थांबलो नाही. दोन उचलली, भरली, तुम्हाला दिली. तुम्ही दोन्हींची बुडं बघितलीत. लाल नाही. माझ्या हातून घेतलेलं पुन्हा तपासायची तुम्हाला गरज वाटली नाही.

पहिल्या मॅगझिनच्या सगळ्या गोळ्या चांदात. दुसरं चढवलंत. एक गोळी सुटली, पुढची तिरपी अडकली. तुम्ही झटक्यात काढलीत. पुन्हा अडकली, पुन्हा काढलीत. वेळ संपल्याची शिट्टी झाली. चार गोळ्या आतच राहिल्या, आणि न सुटलेली गोळी म्हणजे चुकलेली गोळी. साहेबांनी मला विचारलं, "मॅगझिनमध्ये काही दोष होता का?"

"न्हाय साहेब. सकाळीच तपासलंय."

तुम्ही अंगठ्यानं बूड चाचपत होता. खरवडलेल्या जागी थोडी लाख रुतून राहिली असणार. माझ्याकडं बघितलं नाहीत. साहेबांना म्हणालात, "हात थरथरला, साहेब. उमर झाली."

नापास ठरून तुम्ही तेरला, तुमच्या गावी गेलात. दोन महिन्यांनी एसटीनं आलात आणि लाइनीच्या फाटकापाशी चिंचेखाली उभे राहिलात. फडक्यात भाजलेल्या शेंगा होत्या, माझ्यासाठी. दाढी वाढलेली. "मुन्शी, वर अर्ज करायचाय. तू एक ओळ लिहून दे, मॅगझिन खराब होतं. कुणी पाडलं ते नक्को लिहू. बस, एवढंच."

मी म्हणालो, "उस्ताद, तवा साहेबापुढं न्हाय म्हणलो, आता व्हय कसं म्हणू? माझी नोकरी जाईल. लेकरं ल्हान हायेत."

"लाख तूच काढली ना?"

"न्हाय, उस्ताद."

"हौ," म्हणालात. "शेंगा खा. ताज्या हायत." आणि एसटी स्टँडकडं चालू लागलात. तुमचा अर्ज पुढं गेला की नाही, मला माहीत नाही. धाकटीचं लग्न झालं का, तेही माहीत नाही. तुम्ही गेल्याचं वाशीच्या बाजारात तेरच्या एका माणसानं सांगितलं, तेव्हा तुमच्या मातीला वर्ष होऊन गेलं होतं. एकदा तेरला गेलो होतो. स्टँडवर उतरलो, चहा घेतला, त्याच गाडीनं परत आलो. कबरस्तान कुठल्या बाजूला आहे हे विचारायचंही धाडस झालं नाही. हा कागद तिथं नेऊन ठेवायची ताकद आता गुडघ्यांत नाही, आणि ठेवून तरी काय होणार? तुमची चार वर्षं काही परत येत नाहीत.

एवढंच सांगायचं राहिलं. चिंचेखाली लेकरांचं कारण सांगितलं ते खोटं होतं. ते साहेब बदलून गेले होते, एका ओळीनं माझं काही बिघडलं नसतं. पण तुमची जागा मला मिळाली होती, आणि त्याच दिवशी सकाळी दोन नव्या शिपायांनी मला पहिल्यांदा उस्ताद म्हणून हाक मारली होती. मला ते आवडलं होतं.