भामाच्या कागदावरचं शंकरपाळं

३ मार्च २०१४
आज कामावर रुजू झाले. बरकतपुऱ्यातलं सोनोग्राफी सेंटर, पहिला मजला, छान उजेड. माझे यजमान देवराव जाऊन वर्ष झालं. घरात एकटीनं बसण्यापेक्षा हे बरं. डॉक्टर पद्मावती तेलुगू, त्यांना मराठी बायकांशी बोलणारी बाई हवी होती. पोटातल्या बाळाचं डोकं नीट वाढतंय का, ते त्या बघतात. काही घराण्यांत डोकं लहान राहण्याचा आजार रक्तातून येतो, म्हणाल्या. माझं काम वंशाचा कागद काढायचा. पुरुष चौकोन, बाई गोल. नात्यात लग्न असेल तर मधे दोन रेघा. आजार असेल तर आकृती काळी भरायची, माणूस गेलेलं असेल तर वर तिरपी रेघ. पोटातलं बाळ म्हणजे शंकरपाळं. मुलगा की मुलगी ते कायद्यानं सांगायचं नाही. झाडूवाली सखू म्हणाली, "हौ बाई, आता बारा महिने दिवाळी तुमची." पुष्कळ दिवसांनी हसले. देवराव रेल्वेत होते, स्टेशनांच्या पाट्या दाखवून त्यांनी मला वाचायला शिकवलं, ते असं कामी आलं.

१२ मार्च
बायका सगळं सांगतात. कुणी मामाच्या घरी दिलेली, कुणी आतेभावाला. माझंही तसंच होतं. दिवसभर दोन रेघा ओढते. आज डॉक्टर रागावल्या. एका कागदावर जास्तीचा चौकोन होता, काळा, वर रेघ मारलेला. त्या घरात असं मूल झालंच नव्हतं. रेघ मात्र माझ्याच हातची. चुकले असेन.

२० मार्च
तीन कागदांवर तोच चौकोन. बाकीच्यांपेक्षा लहान, एवढासा. मी काढल्याचं आठवत नाही. सखू म्हणाली, चष्मा बदला. चष्म्याचं काही नाही. तो कुणाचा, मला कळलंय.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. भामा आली होती, पाचवा महिना. माझी एकुलती एक, माझ्याच भावाच्या, निवृत्तीच्या घरी दिलेली. एकुलती एक, असं सगळ्यांना सांगितलेलं. तिच्याआधी मुलगा झाला होता, सुमेध. डोकं इतकं लहान की मी शिवलेली कुंची त्याच्या नाकापर्यंत यायची. नऊ महिने जगला. तेव्हा आम्ही दूरच्या स्टेशनावर होतो. देवराव म्हणाले, गावी कळवू नको, पुढच्या लेकरांची लग्नं व्हायची नाहीत. कळवलं नाही.

२१ एप्रिल
भामाचा कागद मीच भरला. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात लहान डोक्याचं कुणी? मी नाही म्हणाले. भामा शेजारीच बसली होती, "आई, किती वेळ?" म्हणत. माप आत्ता ठीक आहे, डॉक्टर म्हणाल्या. वाढ मागं पडली तर सातव्या महिन्यात दिसेल. घरात आधी कुणी असतं तर रक्त, गर्भजल तपासून आजच शोध घेता आला असता. मी शंकरपाळं कोरं ठेवून कागद फाईलीत लावला.
जास्तीचा चौकोन एवढ्या एकाच कागदावर आला नाही.

२ जून
नवं राज्य झालं. रस्त्यावर फटाके, गुलाल. सेंटरचा शिक्का बदलला, तो फायलींवर मारायला घेतला. भामाची फाईल उघडली. मी कोरं ठेवलेलं शंकरपाळं अर्धं काळं.

३ जून
पांढरा रंग लावून झाकलं. जेवून आले तर पुन्हा. आता पाऊण.
माझ्या खुर्चीवर कुंची होती. मी शिवलेली. ती तर सुमेधबरोबर पुरली होती.

५ जून
भामाची तपासणी. डॉक्टरांनी डोकं तीनदा मोजलं. भामा माझ्याकडे बघत होती—
डॉक्टरांनी मला पुन्हा विचारलं, कुणी होतं का? होतं म्हणायला तोंड उघडलं. नाही, असंच निघालं. आवाज माझाच.

६ जून
बोलता येत नाही, म्हणून काढून दाखवते. डॉक्टरांनी भामाला आज पुन्हा बोलावलं, ती आत टेबलावर आहे. कागद समोर. माझ्याखाली, भामाच्या आधी, चौकोन. काळा. तिरपी रेघ. सुमेध. काढला रे बाळा, सगळ्यांत मोजला. आता सोड तिला—
शंकरपाळं पूर्ण काळं झालंय. पेन सुटत नाही. हात बाजूला सरकतोय, भामाच्या गोलावर. मी नाही— ही तिरपी रेघ मी नाही ओढत— भामा, ये, माझा हात धर, भा