‘सर्वांना’ म्हणजे कुणाकुणाला?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठवीला आज बातमी वाचायला दिली. गोष्ट नाही, कविता नाही — सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुराची बातमी, बाबांनीच वार्ताहर असताना लिहिलेली. त्यांचं नाव मी कागद चिकटवून झाकलं होतं. फळ्यावर एवढंच लिहिलं — कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? काय सांगायचं राहिलं?

शेवटच्या बाकावरची पोर उठली. वर्ग तिला शंकासुर म्हणतो.

“बाई, ‘खालच्या वस्तीतील सर्वांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले.’ कुणी हलवलं? आणि सर्व म्हणजे किती? मोजले कुणी?”

तिचा प्रश्न तसाच फळ्यावर उतरवला. फार बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

जेवताना बाबांना सांगितलं. आधी फुशारले — पोरं आपली बातमी वाचतात म्हणून. मग प्रश्न ऐकला आणि घास हातातच राहिला.

“रस्ते बंद होते. तहसीलदार साहेबांनी फोनवर सांगितलं, मी लिहिलं.” मग — “आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोरांकडून माझी उलटतपासणी करणार का?”

ताट अर्धं टाकून उठले.

५ फेब्रुवारी

अबोला. चहासुद्धा आपला आपण करून घेतला. साखरेचा डबा उघडाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. “चल. नाव झाकायची गरज नाही.”

वर्गात खुर्ची दिली, बसले नाहीत. मॉनिटरने थेटच विचारलं, “आजोबा, तुम्ही खोटं लिहिलंत?”

“खोटं नाही रे,” शंकासुराने त्याला दटावलं. “ऐकीव.”

बाबा हसले. “हा शब्द मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवा होता, पोरी.”

“मग पाणी ओसरल्यावर तरी गेला होतात?” तिने विचारलं.

“नाही. तोवर दुसरी बातमी आली होती.”

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. वीस वर्षं शिकवते आहे, असा तास झाला नव्हता. घरी येताना बाबांनी माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

१० फेब्रुवारी

बाबांनी त्या बातमीबद्दल वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र लिहिलं. ‘असे सांगण्यात आले होते’ खोडून मी ‘मी फोनवर ऐकले, स्वतः गेलो नाही’ केलं. एका शब्दानेही वाद घातला नाही! सूर्य कुठे उगवला होता कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

पत्र आज छापून आलं. दुपारी एक अनोळखी बाई दारात, साठीच्या. हातात तेच पान.

“आम्ही छपरावर होतो. न्यायला कुणी आलं नाही. धाकटी बहीण हातातून सुटली. तिचं नाव कुठेच छापलं नाही.”

बाबांनी त्यांना बसवलं, चष्मा लावला, कोरा कागद पुढे ओढला.

“सांगा. नावापासून सांगा.”